फांदी कशी हलली?

चांगला फोटो काढायला मेहनत लागते, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ज्याच्या हाताला चाळीस वर्षं चांगलाच फोटो काढायची खोड जडली आहे, त्याला वाईट फोटो काढताना किती घाम गाळावा लागतो, हे फक्त आमच्या फोटोवाल्यांना ठाऊक होतं. आणि ते कुणाला सांगताही येत नव्हतं, हा त्यातला खरा वांधा.

रविवारची दुपार होती, तीनचा सुमार. सार्वजनिक बागेच्या टोकाला काचेच्या छपराचं पक्षीगृह होतं. आतले पक्षी गरम, दमट मुलखातले, म्हणून तिथं कायम पाण्याचे बारीक फवारे चालू असत आणि आत पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरायची. लाल आणि निळे मॅकॉ पोपट, स्वतःपेक्षा चोच मोठी असे दोन टुकॅन, आणि रंगपेटी अंगावर सांडल्यासारखे दिसणारे ते चिमुकले लोरिकीट, ज्यांना एका जागी बसणं म्हणून माहीत नाही. फोटोवाल्यांनी चष्मा पुसला, खांद्यावरची पिशवी उतरवली आणि जाळीला जवळजवळ नाक लावून ते उभे राहिले.

जाळीतून फोटो काढायचा तर भिंग जाळीला भिडवायचं आणि अ‍ॅपर्चर म्हणजे भिंगातलं उजेडाचं भोक पूर्ण उघडं ठेवायचं. मग तारा विरघळून जातात आणि पक्षी मोकळ्या रानात बसल्यासारखा दिसतो. लाल मॅकॉला उजेड थोडा कमीच द्यायचा, नाहीतर पिसं दिसत नाहीत, नुसता लाल डाग उमटतो. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. लोकांच्या लाल स्वेटरांचे फोटो काढता काढता ते शिकले होते. त्यांनी शटर हजारावर ठेवलं, म्हणजे ते सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यापुरतंच उघडणार, आणि वाट बघितली. मॅकॉने मान वळवली, एक डोळा बारीक केला आणि फोटोवाल्यांनी खटका दाबला. स्क्रीनवर बघितलं, तर एकेक पीस मोजून घ्यावं असा फोटो. क्षणभर ते सुखावले. मग एक सुस्कारा सोडून त्यांनी शटर हजारावरून पार पंधरावर आणलं, कॅमेरा पुन्हा त्याच फांदीवर रोखला आणि खटका दाबताना मुद्दाम कोपराला हिसका दिला. आता मॅकॉच्या जागी लाल रंगाचा भिजका बोळा होता.

"हं, हा पाठवायला बरा आहे," ते स्वतःशी म्हणाले.

मागे बादली घेऊन दाणेवाला उभा होता. पक्ष्यांचं खाणंपिणं, झाडलोट, सगळं त्याच्याकडे. वय पन्नाशीचं, आणि दिवसभर पाखरांशीच बोलायची सवय असल्यामुळे माणसांशीही जरा मोठ्यानंच बोलायचा.

"काका, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"तुम्ही आधी झकास फोटो काढता. मी बघतो ना मागून. आणि मग लगेच त्याच पाखराचा हात झटकून पार वाटोळं केलेला फोटो काढता. दर रविवारी बघतोय. हा काय नेम आहे का तुमचा?"

"चांगल्याला दृष्ट लागू नये म्हणून एक वाईट काढून ठेवतो."

दाणेवाला हसला. "तुमच्यापेक्षा माझे पोपट बरे, काका. विचारलं त्याचं उत्तर तरी देतात."

फोटोवालेही हसले आणि पिशवी उचलून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. चार वाजता फोन यायचा होता.

खरं कारण सांगायला त्यांची जीभ रेटली नसती. ते कारण समुद्रापलीकडच्या एका इस्पितळात माणसांचे एक्स-रे काढायची नोकरी करत होतं. एकुलती एक लेक, घरातलं नाव ठमी. सात वर्षांपूर्वी ती तिकडे गेली तेव्हापासून दर रविवारी फोन ठरलेला. पण तो फोन तिच्या आईचा. मायलेकींच्या गप्पा भाजीतल्या मिठापासून सुरू व्हायच्या आणि शेजारणीच्या गुडघ्यापर्यंत पोचेस्तोवर तास उलटायचा. शेवटी आई फोन पुढे करायची, "घ्या, बोला लेकीशी." फोटोवाले घसा खाकरून विचारायचे, "काय ठमे, बरी आहेस ना?" ती म्हणायची, "हो बाबा. तुम्ही?" "मला काय धाड भरलीय? घे, आईशी बोल." झालं बापलेकीचं बोलणं.

दोन वर्षांपूर्वी ठमीची आई गेली. ठमी आली, पंधरा दिवस राहिली, कपाटं आवरली, औषधांच्या डब्यावर वार लिहून ठेवले आणि परत गेली. पुढच्या रविवारी फोन वाजला, "बरी आहेस ना," "हो, तुम्ही" झालं, आणि फोटोवाल्यांच्या लक्षात आलं की आता फोन पुढे करायला माणूसच नाही. दोघंही गप्प. "जेवलात?" "जेवलो." "गोळ्या?" "घेतल्या." "मग ठेवू?" "ठेव." सगळे मिळून एक्केचाळीस सेकंद. त्याच्या पुढच्या रविवारी छत्तीस. अशानं हा फोन एक दिवस शून्यावर येणार आणि मग आठवड्यात आपल्याशी बोलणारा एकटा दूधवाला उरणार, हे गणित त्यांना स्वच्छ दिसत होतं. स्टुडिओ बंद पडला तेव्हा ते घाबरले नव्हते. या शून्याला मात्र ते मनापासून घाबरले.

आणि अशात वाढदिवसाला तिने कॅमेरा पाठवला. डिजिटल, हातभर लांब भिंगाचा. "तुमची फिल्म आता गेली, बाबा. याचा मेन्यू जरा किचकट आहे. अडलं तर विचारा."

फोटोवाल्यांनी माहितीपुस्तक चार दिवसांत पाठ केलं. त्यात काय आहे? कॅमेरा बदलला तरी उजेड तोच असतो. पण "अडलं तर विचारा" हे वाक्य त्यांनी त्या पुस्तकापेक्षा जास्त वेळा मनात घोळवलं. रविवारी फोन आला तेव्हा अगदी साळसूदपणे विचारलं, "ठमे, हे आयएसओ म्हणजे काय असतं गं?" ठमी आधी दचकलीच. मग सांगायला लागली. फोन ठेवला तेव्हा एकवीस मिनिटं झाली होती. त्या दिवशी फोटोवाले दोन घास जास्त जेवले.

मग काय, दर रविवारी एक नवी अडचण. अडचणींना तोटा पडू नये म्हणून तर त्यांनी पक्षी निवडले. माणसाला 'हलू नका' म्हणता येतं, पाखराला म्हणून बघा! कधी टुकॅनची गळ्याखालची पांढरी पिसं उजेडात पार जळून जायची. कधी जाळी अशी सुरेख यायची की तारेवरचा गंजही दिसावा, आणि मागचा पक्षी धुक्यात. कधी सगळ्या लोरिकीटांवर पानांचा हिरवा उजेड पडायचा आणि ते कावीळ झाल्यासारखे दिसायचे. यातला एकेक दोष फोटोवाले घड्याळजीच्या निगुतीनं घडवायचे आणि रविवारी चारच्या आत मोबाइलवरून पाठवून द्यायचे.

ठमी समजावून सांगायची. सांगता सांगता तिचा आवाज खुलायचा. "अहो बाबा, कितीदा सांगू, उडत्या पक्ष्याला दोन हजाराच्या खाली यायचं नाही!" असं अगदी आईच्या थाटात डाफरायची. फोटोवाले फोन कानाशी गच्च धरून म्हणायचे, "असं होय! आणि मग उजेड कमी पडला तर?" झोपेचं सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही म्हणतात. अडाणीपणाचं सोंग घेतलेल्याला शिकवताही येत नाही, पण बिचाऱ्या ठमीला ते कुठं माहीत?

एकदा ती बोलता बोलता म्हणाली, "लहानपणी तुम्ही मला कॅमेऱ्याला बोट लावू द्यायचा नाहीत, आठवतं? स्टुडिओत पाय टाकला की 'हात लावू नकोस'. आणि आता बघा." ती हसत होती. कधी नव्हे ती तिच्या हसण्यात एक फुशारकी होती, बापाला काही देऊ शकल्याची. फोटोवाल्यांनी तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं. पण वीस मिनिटांची चटक लागलेला माणूस हातानं ती कशी घालवेल? ते म्हणाले, "हो ना, काळ बदलला," आणि पुढची शंका विचारली.

तर त्या रविवारी चार वाजता फोन आला. भिजका बोळा तिच्याकडे पोचला होता.

"बाबा, शटर कितीवर होतं?"

"तू सांगितलं होतंस तसंच. हजारावर."

"नक्की?"

"अगं, माझ्या डोळ्यांनी बघितलं."

मग ती म्हणाली, "पक्षी हलला असेल असं मी धरून चालले होते. मागच्या महिन्यातही दोनदा असंच आलं होतं तुमचं. पण मी आता मोठा करून बघितला. फांदीसुद्धा हललीय. पक्षी हलेल, बाबा. फांदी कशी हलली?"

फोटोवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. चाळीस वर्षांचा कारागीर, आणि एवढी ढोबळ चूक! पक्षी हलल्याचं दाखवायचं होतं तर कॅमेरा स्थिर धरून पक्षी हलायची वाट बघायला हवी होती. कोपर हिसडलं की सगळंच हलणार, फांदीही, मागची भिंतही.

"वारा असेल," ते म्हणाले.

"काचेच्या घरात?"

ठमीचा आवाज एकदम मऊ झाला. "बाबा, तुमचा हात कापतो का?"

"छे! काहीतरीच."

"कपातला चहा सांडतो का? सही करताना?"

"अगं, ठणठणीत आहे मी."

"बरं," ती म्हणाली, म्हणजे तिला ते पटलेलं नव्हतं. "असं करा, मोबाइलवरून येतात ते फोटो लहान होऊन येतात, त्यातली माहिती गळून जाते. कॅमेऱ्यातली मूळ फाइल पाठवा मला, ईमेलनं. या मॅकॉची. आणि आधीच्या त्या दोन हललेल्या फोटोंची पण."

"पाठवतो," फोटोवाले म्हणाले. त्या दिवशी एकतीस मिनिटं बोलणं झालं, आणि बहुतेक वेळ ती त्यांच्या तब्येतीचंच विचारत होती. घरी जाताना त्यांना लाज वाटत होती आणि सुखही वाटत होतं, दोन्ही एकदम. कुणीतरी आपल्या हाताची इतकी काळजी करतंय, हे किती दिवसांनी.

आता इथं जे घडलं ते दुसऱ्या कुणाच्या हातून घडलं नसतं.

सोमवारी सकाळी ते कॉम्प्युटरसमोर बसले. कॉम्प्युटर जुन्या स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीत होता, जिथं पूर्वी फिल्म धुतली जायची. स्टुडिओचा एक कडक नेम होता. गिऱ्हाइकानं निगेटिव्ह मागितली तर एकटी निगेटिव्ह कापून द्यायची नाही. फिल्मचा एकच तुकडा कापला की त्याला धरायला जागा राहत नाही, बोटांचे ठसे पडतात, ओरखडे उठतात, पुन्हा मोठा फोटो करायचा म्हटलं तर यंत्रात नीट बसत नाही. म्हणून मागितलेला फोटो, त्याच्या आधीचे आणि नंतरचे, अशी सहाची आख्खी पट्टी द्यायची. चाळीस वर्षं त्यांनी दिली. 'मूळ पाठवा' हे शब्द कानात घेऊन ते बसले होते, आणि हातानं आपलं काम केलं. हललेला मॅकॉ निवडला, त्याच्या आधीचे तीन निवडले, नंतरचे दोन निवडले. आधीच्या दोन हललेल्या फोटोंचंही तसंच. तीन पट्ट्या, अठरा फायली. पाठवून दिल्या आणि दूध तापवायला उठले.

जित्याची खोड म्हणतात ती हीच. किंवा मनाच्या तळाशी दडलेली हौस म्हणा. दोन वर्षं ते इतके सुंदर फोटो काढत होते आणि दाणेवाला सोडता जगात एकाही माणसानं ते बघितले नव्हते. माणूस आहे, त्याला वाटत असणार. पण विचारलं असतं तर त्यांनी खोडीचंच नाव घेतलं असतं.

दूध उतू गेलं तेव्हा त्यांना कळलं आपण काय केलंय ते: चांगले फोटोही गेले होते, आणि प्रत्येक फायलीत शटर आणि वेळ लिहिलेली होती. ते तसेच धावत गेले. पण सुटलेलं पत्र कुणाला परत बोलावता आलंय?

पुढचा फोन रविवारी आला नाही. गुरुवारीच, संध्याकाळी आला. ठमीचा आवाज सपाट होता, इस्पितळात अनोळखी माणसांशी बोलत असेल तसा.

"तीन वाजून अकरा मिनिटं आणि दोन सेकंद," ती म्हणाली. "मॅकॉ. शटर हजार. फोटो इतका चांगला की मी तसा कुठं पाहिलेला नाही. तीन अकरा चौतीस. तोच मॅकॉ, तीच फांदी. शटर पंधरा. बत्तीस सेकंद, बाबा. बत्तीस सेकंदांत तुमच्या हाताला काय झालं?"

फोटोवाल्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिन्ही वेळा तसंच. आधी चांगला, मग बिघडवलेला. आधी चांगला, मग बिघडवलेला. टुकॅनचा तर असा घेतलाय की पांढरं पीस न्‌ पीस दिसतंय, आणि मला दोन आठवडे विचारत होतात पांढरं कसं सांभाळायचं."

"ठमे, ऐक..."

"या फायली उघडायच्या आधी मी ते हललेले फोटो आमच्या इथल्या मेंदूच्या डॉक्टरांना दाखवले. माहीत आहे? रांगेत उभी राहून दाखवले. म्हटलं, माझे वडील एकटे असतात, त्यांचा हात कापतो आणि ते लपवतात. ते म्हणाले, जाऊन बघून या. एका महिन्याच्या रजेचा अर्ज टाकला मी. वर्षाची सगळी रजा." ती थांबली. "आज सकाळी मागे घेतला."

फोटोवाल्यांनी भिंतीला हात टेकला.

"मला वेडं बनवलंत तुम्ही," ती म्हणाली आणि फोन बंद झाला. खोट्याच्या कपाळी गोटा, तो त्यांना बसला. पण आधी तिला बसला होता, आणि हे त्यांना जास्त लागलं.

त्यानंतरचे तीन रविवार आले तसे गेले. चार वाजायचे, सव्वाचार व्हायचे, पाच व्हायचे. फोटोवाले फोन समोर ठेवून बसायचे, मधेच उचलून तो चालू आहे ना ते बघायचे, मग घरातल्या दुसऱ्या फोनवरून स्वतःलाच फोन लावून बघायचे. वाजायचा व्यवस्थित. आठवड्यातलं बोलणं म्हणाल तर दूधवाल्याला "अर्धा लिटर कमी कर" एवढं. एकदा त्यांनी त्याला उगाच थांबवून विचारलं, "तुला मुलं किती?" तो म्हणाला, "काका, अजून आठ घरं राहिलीत," आणि जिना उतरला.

त्यांनी माफीचे निरोप लिहून बघितले. लिहायचे आणि पुसायचे. एक नवी शंका विचारावी, असाही विचार मनात येऊन गेला. अगदी खरीखुरी, माहितीपुस्तकात नसलेली एखादी शोधून काढायची. दोन दिवस त्यांनी खरंच शोधली. मग त्यांना स्वतःचीच किळस आली. तोंड भाजलं तरी माणूस पुन्हा त्याच कपाला तोंड लावायला निघाला होता.

चौथ्या रविवारी ते बागेत गेले. पक्षीगृहात शिरले, चष्मा पुसला. दाणेवाल्यानं त्यांच्या खांद्याकडे बघितलं.

"काका, कॅमेरा कुठाय?"

"घरी."

"बिघडला?"

"नाही. मीच बिघडलोय."

दाणेवाल्याला काहीतरी कळलं असावं. थट्टा न करता त्यानं कोपऱ्यातली बादली पालथी घातली आणि बसायला दिली. फोटोवाले बादलीवर बसले. कॅमेरा डोळ्याला न लावता ते त्या पक्ष्यांकडे पहिल्यांदाच बघत होते. दोन मॅकॉ एकमेकांची मान खाजवत होते. तिसरा जरा लांब, जाळीकडे तोंड करून, एकटाच चोच घासत होता. चार वाजून दहा मिनिटं झाली. पलीकडे आत्ता सकाळ असणार, तिच्या सुट्टीची. आजवर फोन नेहमी तिकडून यायचा. सात वर्षांत त्यांनी स्वतः एकदाही लावला नव्हता. चाचपडत्या बोटांनी त्यांनी तिचा नंबर लावला. आत्ता मात्र हात खरोखर कापत होता.

सहा वेळा वाजून तिने उचलला. "हॅलो."

"ठमे."

"बोला." पाठीमागून लोरिकीटांचा कलकलाट ऐकू गेला असणार, कारण ती लगेच म्हणाली, "बागेत आहात. आता काय अडलं? शटर की उजेड?"

"कॅमेरा आणलेला नाही."

फोटोवाल्यांना वाटलं होतं की फोन लागला की आपोआप सुचेल. काही सुचेना. एक्केचाळीस सेकंद केव्हाच होऊन गेले असतील, पण त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही.

"मला सगळं येत होतं," शेवटी ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. तुझा आवाज ऐकायचा असायचा. आई गेल्यावर तुझ्याशी काय बोलायचं ते मला कळत नव्हतं. दुसरं काही सुचलं नाही, म्हणून मग हे केलं. तुला राबवलं, घाबरवलं. चुकलं माझं."

दाणेवाला केरसुणी घेऊन पलीकडे निघून गेला.

"मला काही येत नव्हतं," ठमी म्हणाली. तिचा आवाज आता सपाट नव्हता, पण मऊही नव्हता. "तुम्हाला वाटलं असेल मला येतं म्हणून मी सांगते. मला कुठलं यायला? शटर म्हणजे काय तेही धड ठाऊक नव्हतं. शनिवारी ड्यूटी संपली की मी वाचत बसायची. रक्त तपासणाऱ्या एकाचा कॅमेरा उसना आणायची आणि टेबलावरच्या पेल्याचे फोटो काढून बघायची, म्हणजे तुम्ही विचारलंत तर अडायला नको. दोन वर्षं माझा शनिवार त्यातच जायचा."

"अगं, मला हे..."

"मला बोलू द्या. मी दिवसभर काय बोलते माहीत आहे? 'श्वास धरा. हलू नका. झालं.' एवढंच. साठ माणसं येतात, साठ वेळा तेच. घरी आल्यावर तेही नाही. इथं मला कुणी काही विचारत नाही, बाबा. आठवड्यातून एक माणूस मला काहीतरी विचारायचा. मला वाटायचं, निदान याला तरी माझ्यावाचून अडतंय. तेही खोटंच निघालं."

आपण एकटे आहोत हे फोटोवाल्यांना पुरेपूर माहीत होतं, त्याचं त्यांनी केवढं अवडंबर माजवलं होतं. पलीकडचं माणूसही तितकंच एकटं असेल, हे त्या वीस वीस मिनिटांत एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं. दोन वर्षं त्यांनी शंभर प्रश्न विचारले होते, आणि त्यातला एकही तिच्याबद्दलचा नव्हता. ती कुठल्या खोलीत राहते? एकटीच का? कशावर बसून त्यांच्याशी बोलते? फोटो काढणारा माणूस ते, पण लेक ज्या जागी उभी आहे ती जागा डोळ्यांसमोर आणायला गेले, तर तिथं काहीच नव्हतं. कोरा कागद.

"ठमे," ते म्हणाले, "एक विचारू? हे मला खरंच माहीत नाही."

"काय?"

"तुझ्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे समोर काय आहे? झाड आहे, रस्ता आहे, की दुसऱ्या कुणाचं घर आहे? सात वर्षं झाली. मी कधी विचारलंच नाही."

पलीकडून काही उत्तर आलं नाही. फोटोवाल्यांना वाटलं, ठेवला तिने फोन. त्यांनी तो कानापासून काढला नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांबा हं, बाबा," ती म्हणाली. "मलाही नीट आठवत नाहीये. पडदा उघडून सांगते."